न घडलेल्या गोष्टींचा खेळाडू

फुटबॉल सामन्याचं चित्रीकरण चेंडूशी इमान राखतं. चेंडू जिथे, तिथे कॅमेरा, आणि पुढे आपली आठवणही तिथेच. 28 मे 1997 रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बोरुसिया डॉर्टमुंडने युवेंटसला 3-1 असं हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या रात्रीचं जे चित्र जगाकडे उरलं आहे, त्यात कार्ल-हाइन्त्झ रीडलचे दोन गोल आहेत, आणि बदली म्हणून मैदानात आलेल्या वीस वर्षांच्या लार्स रिकेनने पहिल्याच स्पर्शात लांबून गोलरक्षकाच्या डोक्यावरून मारलेला तिसरा गोल आहे. 14 क्रमांकाचा पॉल लॅम्बर्ट या चित्रात फारसा सापडत नाही. त्याच्याकडे काम होतं झिनेदिन झिदानला मोकळं न सोडण्याचं. युवेंटस हा गतविजेता संघ, त्याचा खेळ झिदानच्या पायांतून वाहायचा, आणि त्या नव्वद मिनिटांत तो प्रवाह पुन्हा पुन्हा अडला. झिदानकडे पास जायचा तेव्हा लॅम्बर्ट आधीच तिथे असायचा. म्हणून पुष्कळदा पास गेलाच नाही. जो पास गेलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? मला वाटतं, घडू न दिलेली गोष्ट हेही कर्तृत्वच आहे आणि गोलाच्या शेजारी, त्याच मानाने, ते मोजलं गेलं पाहिजे. लॅम्बर्टची कारकीर्द हा त्याचा सर्वांत सबळ पुरावा.

लॅम्बर्टचा जन्म 1969चा, वाढ ग्लासगोजवळच्या लिनवुडमधली. तिथला मोटारींचा मोठा कारखाना 1981 मध्ये बंद पडला आणि गावाचा कणाच मोडला. सतराव्या वर्षी तो सेंट मिरेनकडून 1987चा स्कॉटिश कप जिंकला. मग मदरवेल हे पोलादाचं गाव. तो तिथे गेला त्याच्या वर्षभर आधी तिथल्या रेव्हन्सक्रेग पोलाद कारखान्याच्या भट्ट्या विझल्या होत्या. मदरवेलने 1994-95 मध्ये लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि त्याच मोसमात यूएफा कपमध्ये डॉर्टमुंडकडून दोन्ही सामने गमावले. 1995च्या डिसेंबरात बोसमन खटल्याचा निकाल लागला आणि करार संपलेल्या खेळाडूला युरोपियन युनियनमध्ये कुठेही, नव्या क्लबला दमडीही मोजायला न लावता, जाण्याची मुभा मिळाली. 1996च्या उन्हाळ्यात लॅम्बर्ट सव्वीस वर्षांचा होता. खेळाडूचं अर्धं आयुष्य या वयात संपलेलं असतं, आणि तो डॉर्टमुंडला चाचणी द्यायला गेला, जशी कोवळी मुलं देतात तशी. संघात मात्थियास झामर होता, जो त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी लॅम्बर्टला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. मदरवेलमध्ये तो यापेक्षा बराच पुढे खेळायचा. वर्ष उलटायच्या आत तो म्युनिकमध्ये होता. पाय तेच, फुप्फुसं तीच, स्वभावही तोच. बदलली ती मैदानावरची जागा, आणि त्याच्याकडे पाहणारी नजर. त्याची किंमत त्याच्या देशात आधी कुणाला का कळली नाही, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

स्कॉटलंडची नजर वेगळ्या गोष्टीवर पोसलेली आहे. कोळशाच्या आणि गोद्यांच्या वस्त्यांमधल्या गल्लीबोळांत स्वस्तातल्या रबरी चेंडूवर शिकलेला, चार जणांना चकवून निघणारा बुटका खेळाडू हा तिथला लाडका नायक. 1967 मध्ये वेम्बलीवर विश्वविजेत्या इंग्लंडला हरवताना जिम बॅक्स्टर मैदानाच्या मधोमध चेंडू पायावर झेलत उभा राहिला. लोकांनी विजय ठेवला एका बाजूला आणि ते झेलणं जपलं. पण या आवडीचं शिखर म्हणजे 11 जून 1978चा मेंदोसामधला गोल. स्कॉटलंड अर्जेंटिनातल्या विश्वचषकाला मोठ्या आशेनं गेलं होतं, पेरूकडून 3-1 हरलं, इराणशी 1-1 बरोबरीत अडकलं, आणि आता नेदरलँड्सला तीन गोलांच्या फरकाने हरवलं तरच पुढची वाट होती. अडुसष्टाव्या मिनिटाला आर्ची गेमिल उजव्या बाजूने निघाला. विम यान्सेनला त्याने चुकवलं, रूड क्रोलला चुकवलं, यान पोर्टफ्लीटच्या दोन पायांमधून चेंडू काढला आणि पुढे आलेल्या गोलरक्षकावरून तो हळुवार उचलून जाळ्यात टाकला. 3-1. तीन मिनिटं एका देशाला सगळं शक्य वाटलं. मग जॉनी रेपने लांबून गोल मारला, सामना 3-2 असा संपला, स्कॉटलंड घरी गेलं आणि नेदरलँड्स अंतिम फेरीत. त्या गोलाने काहीही बदललं नाही. तरी तो स्कॉटलंडच्या स्मृतीत देवघरातल्यासारखा बसला आहे. 1996च्या 'ट्रेनस्पॉटिंग' चित्रपटातही तो आहे. तो गोल मलाही फार प्रिय आहे. त्यातली धाव, ते थांबणं, तो शेवटचा हलका स्पर्श पाहताना निकाल विसरायला होतो, आणि कलेपुढे निकाल विसरावाच लागतो. पण ज्या देशाने काहीही न जिंकून देणाऱ्या गोलाला इतकं हृदयाशी धरलं, त्याला युरोपातलं सर्वांत मोठं पारितोषिक जिंकायला हातभार लावणारं काम डोळ्यांसमोर असूनही दिसू नये, हे खटकतं. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1979 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट युरोपियन कपचा अंतिम सामना याच म्युनिकच्या मैदानावर खेळलं, तेव्हा प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी गेमिलला मैदानात उतरवलंच नाही. आणि गेमिलने ज्याला पहिल्यांदा चुकवलं तो विम यान्सेन पुढे प्रशिक्षक म्हणून ग्लासगोला आला. 1997च्या नोव्हेंबरात सेल्टिकने लॅम्बर्टला डॉर्टमुंडहून परत आणलं ते त्याच्याच कारकिर्दीत. चकवणाऱ्यांची किंमत तर त्याला ठाऊकच होती. न चकणाऱ्याचीही होती.

यावर कुणी म्हणेल की झिदानचा तो दिवसच वाईट होता, आणि नशीबही डॉर्टमुंडच्या बाजूने होतं. युवेंटसचे प्रयत्न गोलखांबावर आदळलेही. आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. नशीब एका रात्री साथ देतं. त्याच वर्षी उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या दोन सामन्यांत, एरिक कँतोना समोर असताना, डॉर्टमुंडने एकशे ऐंशी मिनिटांत एकही गोल स्वीकारला नाही, आणि त्या दोन्ही सामन्यांत लॅम्बर्ट होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मागे बचावात झामर आणि कोहलर, शेजारी मधल्या फळीत पाउलो सोसा असताना श्रेय एकट्याला कसं द्यायचं? एकट्याला द्यावं असं मी म्हणतच नाही. न घडलेली गोष्ट ही बहुतेक वेळा सामाईक मालमत्ता असते, आणि म्हणूनच तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण झिदानची जबाबदारी कुणावर टाकायची हे हिट्झफेल्ड यांना ठरवावं लागलं, आणि त्यांनी सोसा हाताशी असताना मदरवेलहून आलेल्या माणसाची निवड केली. राहिला सौंदर्याचा मुद्दा. अडवणं म्हणजे मोडतोड, कला ती रचण्यात, असं मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मला ते पटत नाही. समोरच्याच्या मनात पास तयार होण्याआधी त्याची वाट ओळखायची आणि तिथे जाऊन उभं राहायचं, यासाठी झिदानइतकीच नाही तरी झिदानच्याच जातीची कल्पनाशक्ती लागते. अडवणाऱ्याला समोरच्याचा खेळ त्याच्याआधी मनात खेळून पाहावा लागतो. शिवाय त्या रात्रीचा पहिला गोल पुन्हा पाहावा. एकोणतिसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून बाहेर आलेला चेंडू उजवीकडून अचूक उंचीवर आत पाठवणारा पाय लॅम्बर्टचा होता. रीडलने तो छातीवर घेतला आणि जाळ्यात मारला.

हे एका मोसमाचं लखलखणं नव्हतं, हे सेल्टिकमध्ये ठरलं. शहरातल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्सने सलग नऊ लीग विजेतेपदं मिळवून जॉक स्टीन यांच्या सेल्टिकच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, दहावं हातातोंडाशी होतं. 2 जानेवारी 1998 रोजी रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात लॅम्बर्टने लांबून मारलेला गोल त्याच्या कारकिर्दीतल्या थोड्या दिसणाऱ्या गोष्टींपैकी एक. सेल्टिकने तो सामना 2-0 जिंकला, आणि मे महिन्यात लीगही. पुढे मार्टिन ओ'नील यांच्या हाताखाली 2000-01 मध्ये देशातल्या तिन्ही स्पर्धा आल्या, तो कर्णधार झाला आणि 2003 मध्ये सेव्हियाला यूएफा कपच्या अंतिम सामन्यात पोर्तोसमोर उभा राहिला. जादा वेळेत 3-2 अशी हार झाली. देशासाठी तो चाळीस सामने खेळला. 1998च्या विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यात ब्राझीलविरुद्धही तो होता; तो सामना स्कॉटलंडने स्वयंगोलामुळे 2-1 असा गमावला.

स्कॉटलंडच्या थोर मध्यरक्षकांची नावं घेताना लोक डेव्ह मॅकाय, बिली ब्रेमनर आणि ग्रॅम सूनेस इथे थांबतात. तिघांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि त्यांच्या क्रमाबद्दल वाद घालायची इच्छा नाही. पण परदेशी भाषेत, परक्या संघात, नव्या जागेवर उभं राहून युरोपचं विजेतेपद मिळवण्यात वाटा उचलणारा आणि घरी परतून तेच काम वर्षानुवर्षं करणारा माणूस या ओळीबाहेर ठेवणं अन्यायाचं आहे. चौथं नाव पॉल लॅम्बर्टचं.