न दुखणारे दुखणे

मराठीत आजाराला 'दुखणे' म्हणतात. 'त्याने मोठे दुखणे काढले', 'ती दुखण्यातून उठली', 'जुने दुखणे उलटले' ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे बोलतो, की त्यांत दडलेले गृहीत ध्यानातच येत नाही. जे दुखते ते दुखणे. जे दुखत नाही त्याला दुखणे म्हणावे तरी कसे? आपल्या भाषेने वेदनेलाच आजाराचे नाव देऊन टाकले आहे.

व्हर्जिनिया वूल्फने १९२६ साली आजारपणावर एक निबंध प्रसिद्ध केला. शारीरिक वेदना व्यक्त करण्याच्या बाबतीत इंग्रजी भाषा दरिद्री आहे, अशी तिची त्यात तक्रार आहे. हा निबंध वर्गात चर्चेला घेतला की मी मुलांना मराठी शब्द सांगायला लावते. पाच मिनिटांत फळा भरतो. ठणका, कळ, सल, शूळ, चमक, उसण, लचक, रग, तिडीक, मुरडा, कणकण, कसकस, ठसठस, चुरचुर, हुळहुळ. एका मुलीने एकदा 'दात आंबणे' सांगितले आणि याचे इंग्रजी करून दाखवा, असे आव्हान मलाच दिले. वूल्फबाई मराठी असत्या तर त्यांना तो निबंध निराळा लिहावा लागला असता, असे मी त्या दिवशी वर्गात गमतीने म्हणाले.

पण या श्रीमंतीला एक दुसरी बाजू आहे. ती मला वर्गात नव्हे, माझ्या आजोळी दिसली.

मराठीचे व्याकरण आजाराला पाहुण्यासारखे वागवते. 'मला ताप आला' या वाक्यात कर्ता ताप आहे, मी नुसती 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभी. ताप येतो, चढतो, उतरतो. गोवर निघतो आणि मावळतो. खोकला होतो आणि जातो. प्रत्येकाला येणे आहे तसे जाणेही आहे, आणि तो गेला की माणूस 'बरा' होतो. हिवताप, विषमज्वर, कांजिण्या यांना हे व्याकरण चपखल बसते, कारण ते आजार खरोखरच तसे वागतात. रक्तदाब तसा वागत नाही. तो केव्हा आला हे कळत नाही, आणि एकदा आला की सहसा जात नाही. त्याच्यासाठी फळ्यावरच्या त्या यादीत एकही शब्द नाही, कारण त्याची संवेदनाच नाही.

मग आपण त्याला कसे बोलतो? 'त्यांना बीपी आहे.' जणू बाकीच्यांना ते नसतेच. जिवंत माणसाच्या रोहिण्यांत रक्ताचा दाब हा असायचाच. 'उच्च' हा महत्त्वाचा शब्द तेवढा आपण गाळून टाकला आहे. आणि 'बीपी वाढणे' म्हणजे चिडणे, असा अर्थ एव्हाना इतका रुळला आहे की 'माझं बीपी वाढवू नकोस' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्यात 'हायपरटेन्शन' या शब्दाने भर घातली. वैद्यकातले 'टेन्शन' म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण. मराठीत मात्र टेन्शन म्हणजे काळजी. तेव्हा हा आजार संतापी, चिंतातुर, मुंबईला लोकलने जाणाऱ्या माणसांचा, अशी समजूत झाली, यात नवल ते काय!

माझे मोठे मामा वाई तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत गुरुजी होते. चढ्या आवाजात बोललेले मी त्यांना कधी ऐकले नाही. २००६ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तपासणी झाली, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८० वर १०० भरला. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी मोजला तर १३४ वर ८४. मामांनी गोळ्या थांबवल्या. मामीने विचारले तर म्हणाले, "अगं, बरं वाटल्यावर औषध कशाला? आणि मला कसलं बीपी? मी कधी कुणावर चिडतो का?"

या दोन्ही वाक्यांत मामांची बेफिकिरी नव्हती, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ते शिस्तीचे गृहस्थ होते. बरे वाटले की औषध थांबते, हा जन्मभराच्या अनुभवाने त्यांना शिकवलेला नियम होता आणि तो तापाच्या बाबतीत बहुधा खरा ठरलेला होता. १३४ हा आकडा गोळीमुळे होता. गोळी गेली की तो परत चढणार होता. पण 'बरे वाटणे' या शब्दप्रयोगात हे सांगायला जागाच नाही. गोळीपूर्वीही त्यांना बरेच वाटत होते.

शरीर आपल्याला का सांगत नाही? मानेतल्या रोहिणीच्या भिंतीत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची एक व्यवस्था असते. आपण झटकन उठून उभे राहिलो तर ती क्षणात दाब सावरते. पण दाब महिनोन् महिने चढाच राहिला, की ही व्यवस्था त्या चढ्या दाबालाच नेहमीचा मानू लागते. पहारेकरीच सवयीचा होतो. इकडे रोहिण्यांच्या भिंती कठीण होत जातात, हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या झिजतात, डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या बदलतात. यातले काहीही ठणकत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि दुखले नाही म्हणजे तो ठीक, हा हिशेबही भरवशाचा नाही.

२००९च्या आषाढात एका पहाटे मामांच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द जड झाले. काय झाले ते गावात सगळ्यांना तत्काळ कळले. 'अंगावरून वारं गेलं.' उपचारही त्या निदानातच होता. वारे गेले म्हणजे वारा वर्ज्य, म्हणून खिडक्या लावल्या. ऊब हवी, म्हणून शेक दिला. महानारायण तेलाची मालीश सुरू झाली. दुपारी जीप करून शेजारच्या तालुक्यातून वाऱ्यावरचे औषध आणले. रात्रभर चार माणसे आळीपाळीने मामांचे हातपाय चोळत बसली होती. साताऱ्याच्या रुग्णालयात त्यांना नेले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.

तिथे सीटी स्कॅन झाले. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली होती आणि तो भाग निकामी झाला होता. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असते; पण लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि तेही रक्तस्राव नाही याची स्कॅनने खात्री केल्यावर. अलीकडे मोठ्या केंद्रांत निवडक रुग्णांची गुठळी नळी घालून चोवीस तासांपर्यंत काढता येते. ते इंजेक्शन त्या रुग्णालयात होते की नव्हते, हा प्रश्न उद्भवलाच नाही. वेळ उरली नव्हती.

मी त्या रात्रीचा विचार करते तेव्हा मला कुणाचा राग येत नाही. माया कमी पडली नाही, कष्ट कमी पडले नाहीत, पैसाही आड आला नाही. त्या सगळ्यांना एका शब्दाने भलत्या दिशेला नेले. 'वारे' आणि 'रक्तदाब' यांचे आपल्या भाषेत काही नातेच नाही. 'अर्धांगवायू'त वायू आहे. आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे. यांतल्या कुठल्याच शब्दात रक्त नाही. ज्या माणसाने तीन वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या त्याच्याच अंगावरून वारे गेले, ही संगती लावायला त्या घरात कुणाकडे शब्द नव्हता. मला जुन्या शब्दांचा तिटकारा नाही. अवचित येण्याचे, होत्याचे नव्हते करून जाण्याचे जे वर्णन 'वारं गेलं' या दोन शब्दांत आहे, ते 'स्ट्रोक'मध्येही नाही. पण वर्णन उत्तम असले म्हणून कारण बरोबर असतेच असे नाही, आणि मालीश वर्णनावर चालत नाही. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही अचानक दिसले तर माणसाला तासाभरात सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोचवायचे, एवढे मी आता दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला सांगते. अभ्यासक्रमात नसले तरी.

मामा त्यानंतर सहा वर्षे होते. उजवी बाजू थोडीफार सावरली, बोलणे परतले नाही. ज्यांनी तीस वर्षे मुलांना शुद्ध बोलायला शिकवले त्यांना 'पाणी' म्हणता येईना. पॉल ब्रोकाने १८६१ साली पॅरिसमध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली होती. त्याच्यापाशी जवळजवळ एकच अक्षर उरले होते. मामांपाशी मात्र आणखी काही उरले होते. संध्याकाळी ओसरीवर हरिपाठ सुरू झाला की ते टाळ्यांच्या लयीत शब्द न चुकता म्हणत. हरिपाठ संपला की पुन्हा मुके. पाठ असलेले, लयीत बसलेले शब्द अशा रुग्णांकडे पुष्कळदा शिल्लक राहतात, असे डॉक्टरांनी सांगितले. मामी म्हणायची, "देवाशी बोलतात, माझ्याशी नाही." ती हे हसून म्हणायची.

रक्तदाबाला मराठीत शब्द नाही याचे एक साधे कारण कालगणनेत आहे. दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली तयार केले आणि वरचा-खालचा असे दोन्ही आकडे कानाने ऐकून ठरवण्याची रीत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ साली दाखवली. केशवसुतांची 'तुतारी' १८९३ची. म्हणजे आपली आधुनिक कविता या दाबपट्टीपेक्षा वयाने मोठी आहे. हा आजार यंत्राशिवाय दिसत नाही. त्याची भाषा आकड्यांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या पंधरा वर्षांवरच्या सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. आमच्या शिक्षककक्षात दुपारच्या सुट्टीत बारा जण बसतो. हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्रेचाळिसाव्या वर्षी मीही त्या हिशेबात आले. महाविद्यालयातल्या शिबिरात आकडा आला १५२ वर ९६. पण तिथे नुकताच चहा झाला होता, रांगेत गप्पा चालल्या होत्या, आणि पट्टी बांधलेली असतानाही मी बोलतच होते. डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. आठवडाभर घरी मोजायला सांगितले. अर्धा तास आधी चहा नाही, लघवीला जाऊन यायचे, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि तोंड बंद. यातले शेवटचे आम्हा अध्यापकांना सर्वांत अवघड. घरी मोजताना १३५ वर ८५ ही मर्यादा मानतात. माझी सरासरी १४६ वर ९२ आली. डॉक्टर म्हणाले, "बरं होणार नाही, पण आटोक्यात राहील."

हा शब्द मी कितीतरी दिवस घोळवत होते. आग आटोक्यात येते, पूर आटोक्यात येतो, साथ आटोक्यात येते. पूर बरा झाला, असे कुणी म्हणत नाही. या आजाराला शोभणारा शब्द मराठीत होता तर. तो वैद्याच्या नव्हे, मामलेदाराच्या दप्तरात होता.

'एकदा गोळी सुरू केली की जन्माची सवय लागते' हे वाक्य मला निदान दहा जणांनी ऐकवले. चष्म्याची लागते तशीच, असे मी म्हणते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब शेवटची काही वर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्यांना देण्याजोगी धड गोळीच तेव्हा नव्हती. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळू शकते, आणि आपण तिची सवय लागेल म्हणून घाबरतो.

मिठाचे मात्र मला अजून जड जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी म्हणते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, तोही सगळ्या दिवसाचा. आपण ताटात वर मधोमध मीठ वाढतो आणि ती चिमूट टाळली की मीठ सोडले असे समजतो. खरे मीठ उजव्या-डाव्या बाजूंना लपलेले असते. लोणच्यात, पापडात, फरसाणात, खारी बिस्किटांत. सैंधव चालते म्हणणाऱ्यांना काय सांगावे? तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच.

मामी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मामांच्या आजारपणात तिचाही रक्तदाब मोजला गेला होता, तेव्हापासून तिची गोळी चालू आहे. मी नेऊन दिलेले यंत्र ती आठवड्यातून दोनदा लावते, आधी जपाला बसल्यासारखी पाच मिनिटे गप्प बसते आणि आकडे कालनिर्णयवर लिहिते. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि रक्तदाब एकाच चौकटीत. गेल्या खेपेस मी मागची पाने चाळत होते. एका एकादशीला १४८ वर ८८ लिहिले होते आणि पुढे बारीक अक्षरांत 'वेफर्स'. पुढच्या एकादशीला १३२ वर ७८, आणि खाली 'दूध दीड, गॅस आला'.