काळीकाठचा पाडवा

कारवार जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपे. बेळगाव-खानापूर भागात ज्यांचे नातलग आहेत अशा वाचकांच्या कानांवरून हे नाव कधीतरी गेले असेल. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले सुपे हे तालुक्याचे ठाणे होते. आज त्या जागी अथांग पाणी आहे. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. कचेऱ्या जोयड्यास हलल्या, विस्थापितांपैकी अनेकांची वस्ती रामनगरास झाली, आणि सुपे हे नाव तेवढे धरणाकडे राहिले.

या तालुक्यात आम्ही दोनदा गेलो. एकदा दसऱ्याच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा फाल्गुनात. दोन्ही वेळा मनात एकच कुतूहल होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचे नवे वर्ष नेमके कधी सुरू होते? पंचांगाचे उत्तर सोपे आहे: चैत्र शुद्ध प्रतिपदा. परंतु बडोद्यातील आपल्या बांधवांना दिवाळीच्या पाडव्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून नव्या वर्षाच्या शुभेच्छा मिळतात, आणि तंजावरकरांच्या दारी एप्रिलच्या मध्यावर तमिळ वर्ष येऊन उभे राहते. मुलांचे शाळेचे वर्ष निराळे, सरकारी हिशेबाचे निराळे. इतक्या वर्षारंभांच्या गर्दीत आपला म्हणावा असा दिवस कोणता, आणि तो कशामुळे आपला होतो, हे पाहण्यास जोयड्यासारखा मुलूख नाही.

बेळगावहून खानापूर, लोंढा आणि रामनगर अशी वाट धरली की लोंढ्यानंतर अरण्य दाट होते. तालुका विस्ताराने मोठा, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपासच. पश्चिमेच्या टोकाला कॅसलरॉक हे रेल्वे स्थानक. १९६१ पूर्वी पोर्तुगीज हद्दीत शिरणाऱ्या प्रवाशांची तपासणी येथे होत असे. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारास सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. राज्यकर्त्यांचे म्हणाल, तर हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. माणसे मात्र होती तेथेच होती. म्हणून आजही येथील पुष्कळ घरांत बोलणे कोकणीत, मुलांची पहिली अक्षरे मराठीत आणि सरकारी अर्ज कानडीत, असा तिहेरी व्यवहार सहज चालतो. त्याचे आपल्याला वाटते तेवढे ओझे तेथे कोणाला वाटताना दिसले नाही.

चैत्र पाडव्याच्या दिवशी या तिन्ही भाषांचे सण एकाच सकाळी येतात. मराठी घरी गुढी उभी राहते, गोव्याकडून आलेली मंडळी त्याला संवसार पाडवो म्हणतात, आणि कानडी शेजारी युगादीचा बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळ, वाटीत घालून देतात. आपणही कडुलिंबाची कोवळी पाने गूळ, जिरे, हिंग यांच्यासह वाटून खातो. गुढी कोणाकडे आहे, कोणाकडे नाही; कडू मात्र सर्वांच्या जिभेवर सारखेच.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. परदेशी स्थायिक झालेल्या ग्रीक लोकांत एक जानेवारीला, त्यांच्या संत वासिलिओसाच्या दिवशी, केक कापण्याची चाल आहे. त्यात एक नाणे दडविलेले असते. घरातील ज्येष्ठ माणूस पहिला तुकडा ख्रिस्ताच्या नावाने, मग एक घराच्या नावाने आणि नंतर वयाच्या क्रमाने एकेकाला देतो. नाणे ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्ष भाग्याचे. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातच मुंडगोडला, १९६० च्या दशकात वसलेल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीत, लोसार या नववर्षाच्या आधी एक खास रस्सा करतात. त्यातल्या पिठाच्या मोठ्या गोळ्यांत मिरची, लोकर, कोळसा अशा वस्तू लपविलेल्या असतात. मिरची ज्याला मिळेल तो बडबड्या, कोळसा मिळेल तो काळ्या मनाचा, म्हणून पंगत हसत सुटते. आमच्या पाडव्यात असे काही दडवलेले नसते याचे थोडे वाईट वाटले खरे. कडुलिंबात नशीब कसे शोधणार?

ग्रीकांची याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. मेलबर्नसारख्या शहरांत त्यांच्या मंडळांचा केक एक जानेवारीलाच कापला जातो असे नाही. सभागृह आणि सवडीचा रविवार मिळेल तसा हा समारंभ पुढे कित्येक आठवडे चालतो. आपल्या मंडळांचे तरी काय निराळे आहे? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. तेथे काय किंवा भारतातल्या मोठ्या शहरांत काय, पाडव्याचा कार्यक्रम बहुधा जवळच्या रविवारी होतो. याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांनी गाव सोडले त्यांनी तिथी थोडी सैल केली म्हणून माणसे तरी एकत्र आली. जोयड्यात आम्हांला दिसले ते नेमके याच्या उलट. तेथे तिथी जागची हललेली नाही. हलते आहे ती जागा.

प्रथम गवळ्यांचे सांगतो. म्हशी पाळणारे हे गवळी धनगर हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड आणि जोयडा या तालुक्यांच्या रानांत गवळीवाडे करून राहतात. सातारा-कोल्हापूरकडील डोंगरांतून आपले पूर्वज चाऱ्याच्या शोधात दक्षिणेस सरकत आले, असे ते सांगतात. घरची भाषा मराठी, आणि तीही अशी की तिच्यातले काही शब्द ऐकून आमच्यापैकी एका वृद्धांना आपल्या आजीची आठवण झाली. वर्षारंभ म्हणून गुढीचे कौतुक त्यांच्यात आम्हांला फारसे दिसले नाही. त्यांचा मोठा मेळा दसऱ्याचा. त्याला ते शिलंगण म्हणतात. आपल्या सीमोल्लंघनाचेच हे रूप.

आपण आपट्याची पाने वाटतो आणि सीमोल्लंघन झाले असे समजतो. येथे त्या शब्दाचा मूळ अर्थ जिवंत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस चार महिने ओढे-नाले भरून टाकतो आणि एका वाड्याचा दुसऱ्याशी संबंध जवळजवळ तुटतो. नवरात्र येते तेव्हा पाणी ओसरलेले, गवत कमरेएवढे, म्हशी दुधावर आलेल्या. मग खरोखरच आपल्या वाड्याची सीव ओलांडून माणसे निघतात आणि अनेक वाड्यांचे लोक एका ठिकाणी जमतात. ढोलावर काठी पडते, पांढऱ्या पोशाखातील पुरुष रिंगण धरून नाचतात, बायका फुगड्या घालतात. पावसाळ्यात कोण गेले, कोणाकडे पाळणा हलला, कोणाची मुलगी लग्नाची झाली, हे सारे त्याच मैदानावर समजते. आम्ही कडेला बसून पाहत होतो. तासाभरात आमचीही कुळे-मुळे विचारून झाली. चार महिन्यांची बंद झालेली वही पुन्हा उघडण्याचा हा दिवस. वर्ष याहून निराळे कसे सुरू होते?

कुणब्यांची गोष्ट गोव्याशी जोडलेली. पोर्तुगीज अमलात घाट चढून आपण येथे आलो, असे त्यांच्यात सांगतात. भाषा कोकणी. शेती भाताची, आणि परसात कंदमुळांची इतकी विविधता की आमच्या बरोबरच्या भगिनींना नावे टिपून घेताना वही पुरेना. अलीकडच्या वर्षांत जोयड्यास हिवाळ्यात कंदांचा मेळाच भरू लागला आहे. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. त्याच वर्षी उत्तर कन्नडच्या सिद्दींनाही मिळाले. मधल्या डोंगरावरच्या या कुणब्यांची तशीच मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. घाटाच्या खाली एक न्याय आणि वर दुसरा, हे आम्हांला काही समजले नाही.

त्यांचे वर्ष शिमग्याने सरते. फाल्गुनी पौर्णिमेला होळी आणि पंधरवड्यावर पाडवा. म्हणजे जुन्या वर्षाला निरोप देऊनच नव्याकडे वळायचे. शिमग्याचा खेळ कोठेही मांडता येत नाही. त्यासाठी मांड लागतो. मांड म्हणजे गावाची ठरलेली पवित्र जागा. गोव्यात आणि कारवारच्या पट्ट्यात शिमगा तेथे खेळतात, पौष महिन्यात बायकांचे धालो तेथेच होतात. दिसायला ते सारवलेले अंगण. पण तेथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्याखेरीज ढोलाला हात लागत नाही, आणि कोणाचा मान पहिला हे पिढ्यांपूर्वी ठरलेले असते. कुटुंब हलवता येते, देव्हाऱ्यातले देव पेटीत घालून नेता येतात. मांड कसा नेणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. सुप्याच्या वेळी पाण्याने माणसे हलविली. पुढे १९८७ मध्येच अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प आला, आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. प्रकल्पाच्या गाभ्यातील कुटुंबांनी राजीखुशीने बाहेर पडावे म्हणून २००८ पासून दर कुटुंबास दहा लाख रुपये देण्याची केंद्राची योजना होती. २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख झाली. अठरा वर्षांवरील मुलगा यात वेगळे कुटुंब धरला जातो. ज्यांच्या वाडीला रस्ता नाही, आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागते, शाळेसाठी पोरांना मैल न् मैल रान तुडवावे लागते, त्यांनी ही रक्कम घेतली तर त्यांना दोष देणे शहरात बसलेल्या आम्हांला शोभत नाही. वाघही राहिला पाहिजे, हेही खरे. परंतु त्या पंधरा लाखांच्या हिशेबात मांडाचा रकाना नाही.

फाल्गुनातील फेरीत रस्त्यालगत नवे घर बांधलेल्या एका कुणबी कुटुंबात आम्ही चहा घेतला. घरावर पत्रे, दारात दुचाकी, मुलगी दांडेलीच्या महाविद्यालयात. शिमगा कोठे खेळणार, असे आम्ही विचारले. आजोबा काही बोलले नाहीत. मुलाने सांगितले की गेल्या वर्षी सर्वजण जुन्या वाडीत जाऊन मांड सारवून आले. घरे पडली आहेत, पण मांडावर गवत येऊ दिलेले नाही. नव्या वस्तीत चार गावांची कुटुंबे आहेत, तेव्हा येथे मांड घातला तर पहिला मान कोणाचा यावर अजून एकमत होत नाही. घरातल्या बाईंना तर तो वाद व्हावा असेच वाटत होते. वाद घालायला माणसे जमतील, नाही तर तीही जमायची नाहीत, असे त्यांचे म्हणणे. धालोच्या वेळी त्यांनी स्वतः नव्या वस्तीतल्या बायकांना आपल्या अंगणात बोलाविले होते. पहिल्या रात्री सातजणी आल्या, शेवटच्या रात्री अंगण पुरले नाही.

वाचकांपैकी कोणाला जावेसे वाटले, तर दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. पाऊस थांबलेला असतो आणि रस्ते धड असतात. माघात गेलात तर उळवीच्या चन्नबसवेश्वराची जत्रा सापडेल. धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात. गवळीवाड्यात शिरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि मांडावर चुकूनही पादत्राणे घालून जाऊ नये. आम्ही निघालो तेव्हा त्या घरातील आजोबांनी केळीच्या पानात बांधलेले दोन कंद हाती दिले. यंदाच्या होळीला जुन्या वाडीत जीप जाईल का, तिचे भाडे कोणी किती द्यायचे, याची बोलणी ओसरीवर सुरू झाली होती.