सिस्टर कोण, आयाबेन कोण

आपल्याकडे आजारी माणसासाठी बाई ठेवायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला : कांदा-लसूण खाते का? दुसरा, आमची जेवणं सूर्यास्ताआधी होतात, तिला चालेल ना? तिसरा पगाराचा. शिकली कुठे, नोंदणी क्रमांक काय, हे विचारणारं बडोद्यात आमच्या समाजात मला फारसं कुणी भेटलं नाही. सोनाराकडे हॉलमार्क बघितल्याशिवाय बांगडी न घेणाऱ्या आपण बायका, इंजेक्शन देणाऱ्या हाताचा कागद मागायला मात्र संकोचतो. म्हणे वाईट दिसतं!

गेल्या थंडीत सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. लघवीची नळी, तासा-दोन तासांनी कूस बदलणं, दोन वेळचं इन्सुलिन. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्यानंतर सासूबाई काही खात नाहीत, म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस मुद्दाम बेताचा ठेवला होता. एका ब्युरोने ‘ट्रेंड सिस्टर’ पाठवली. पांढरा कोट, गळ्यात कार्ड. मी चहा दिला आणि कागद मागितला. निघालं एका खासगी क्लासचं सहा महिन्यांचं रुग्णसेवेचं प्रमाणपत्र. लॅमिनेट केलेलं, छान!

नर्स म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. तो पुरा केल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, आणि ठरावीक काळाने तिचं नूतनीकरण. आपल्याकडे ती गुजरात नर्सिंग कौन्सिलची, १९६८च्या कायद्याखाली. मुलगी केरळची किंवा महाराष्ट्रात शिकलेली असली तरी इथे काम करायला इथली नोंदणी लागते. तो क्रमांक मागायचा, नाव आणि फोटो आधारकार्डाशी ताडायचा, आणि कौन्सिलकडे खात्री करायची. नुसतं प्रमाणपत्र बघून भागत नाही. अमेरिकेत २०२३च्या जानेवारीत उघड झालं की फ्लोरिडातल्या तीन शाळांनी साडेसात हजारांहून जास्त खोट्या नर्सिंग पदविका विकल्या होत्या. तिथे हे चालतं, तर आपल्या गल्लीतल्या क्लासचं काय घ्या!

मी त्या मुलीला इन्सुलिनची सिरिंज दाखवली आणि विचारलं, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची यात फरक काय? ती म्हणाली, कंपनी वेगळी. फरक कंपनीचा नाही. लाल टोपणाची चाळीसच्या इन्सुलिनसाठी, केशरी शंभरच्या. शंभरचं औषध लाल सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर वीसऐवजी पन्नास युनिट अंगात जातात. रात्रभर पोटात काही न घेणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या.

मुलगी खोटारडी नव्हती, हेही सांगते. डोळे खाली घालून म्हणाली, “बेन, मी इंजेक्शन बघून बघून शिकले. ब्युरोवाले सांगतात, विचारलं तर नर्स आहे म्हणायचं.” आमच्याकडून पैसे नर्सचे घ्यायचे, तिच्या हातात निम्मेही द्यायचे नाहीत, आणि काही बरंवाईट झालं की पोलिसांपुढे तिलाच उभं करायचं, असा हा धंदा. मला तिचा नाही, त्या ब्युरोचा राग आला. ब्युरो मी सोडला, तिला नाही सोडलं. अंघोळ, कूस बदलणं, मऊ खिचडी भरवणं यात तिचा हात इतका हलका, की सासूबाई तिला ‘माझी पोर’ म्हणायच्या. सगळ्यांना सांगितलं, ही आपली आयाबेन, सुईला हात लावायचा नाही. मानाचं काम आहे ते. त्याला नर्सचं नाव कशाला हवं?

सुईसाठी आणि नळीसाठी दोन वेळा यायला एक जीएनएम झालेली सिस्टर मिळाली, मूळची कोट्टयमची. मी कागद मागायच्या आधीच तिने नोंदणीचं कार्ड टेबलावर ठेवलं. मग हात धुतले आणि मला म्हणाली, “आता डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, सही-तारखेची. तोंडी सांगितलेला डोस मी देत नाही.”