एका पट्ट्याची साक्ष

काल सायंकाळी मुकुटबनला कापूस पोहोचवून झरीकडे परतताना उतारावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कठीण झाले आणि त्याच क्षणी स्टेअरिंगही हातांना जड झाले, तेव्हा इतकी वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेल्या या पिकअपविषयी भयापेक्षा व्यथाच मनात अधिक दाटली.

सकाळी अंगणात खातरजमा केली. पेडल मऊ होऊन खाली गेले असते तर नळीत हवा शिरली, अथवा ब्रेकऑइल गळाले, असे मानता आले असते. परंतु इंजिन बंद असता चार-पाच वेळा दाबून, पाय तसाच ठेवून चावी फिरविल्यावर जे पेडल किंचित खाली यावयास हवे ते जेमतेम हालले, म्हणजे बूस्टरला निर्वाताचे साहाय्यच पोहोचत नव्हते. दोन व्याधी एकाच घटकेस उद्भवल्या तर मूळ एक असावे, या तर्काने बॉनेट उघडले. व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीशी जडलेला, आणि तो डायनामो व स्टेअरिंगचा पंप एकाच पट्ट्यावर फिरणारे. तो पट्टा भेगाळून, सैल पडून कप्पीवर घसरत होता. बॅटरीचा तांबडा दिवा दोन दिवस मिणमिणत होता. त्याची दखल मी घेतली नाही, हे मला फार लागले.

पट्टा वणीहून आणवीन. तोवर गाडी हलवायची नाही. उरलेला कापूस घरातच राहील.