पद्मिनी घाटात: पुणे ते रत्नागिरी

शनिवार. पुणे ते कराड

शिरवळ मागे पडलं आणि खंबाटकीचा चढ सुरू झाला. मे महिन्याची दुपार, पुढे उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. अर्ध्या घाटात आमच्या जुन्या पद्मिनी गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं.

सोबत नाना आहेत. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी इंजिनाशेजारी गेली. त्यांनी बॉनेट उघडलं, पण हात कशालाच लावला नाही. "काय झालं ते मला दिसतंय," म्हणाले. "कधी झालं ते सांग. गार असताना की तापल्यावर? चढाला की सपाटीला?"

तापल्यावर बंद पडणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीवर दोन संशयित असतात. एक इग्निशन कॉइल: आतली तार गरम झाली की तुटक होते, गार झाली की पुन्हा चालते. दुसरं पेट्रोल. पद्मिनीचा यांत्रिक पंप इंजिनाच्या कुशीत बसवलेला आहे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे तिथे पेट्रोल लवकर उकळतं. हळू चालीत वारा लागत नाही, नळीत वाफ साठते, आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. दोन्हीत गाडी तशीच मरते आणि थोड्या वेळाने तशीच उठते. म्हणूनच कित्येकांच्या चांगल्या कॉइली बदलल्या जातात.

फरक कळतो तो ठिणगीवरून. नानांनी एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, पेट्रोलच्या नळीपासून लांब. मी सेल्फ मारला. निळी, जाड ठिणगी. म्हणजे कॉइल निर्दोष. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, बाटलीतलं पाणी थेंबथेंब सोडत राहिलो, गाडी सुरू झाली.

तोच प्लग हातात होता म्हणून निरखला. टोक तपकिरी असेल तर जळण बरोबर. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. आमचा पांढुरका होता, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरचं भोक मात्र तेवढंच राहतं. पुण्याला परतलो की मोठा जेट घालायचा.

रविवार. कराड ते कोयनानगर

पाटणच्या पुढे वळीव कोसळला. गाडी मिसिंग करू लागली, तीही फक्त ओढ लागली की. उभ्या गाडीत इंजिन गोड चालायचं. याच्या उलट झालं असतं, म्हणजे उभी असताना अडखळून रेस दिल्यावर सुधारली असती, तर कुठून तरी हवा आत शिरतेय असं समजलो असतो. मुक्कामी अंधार पडल्यावर बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि टॉर्च बंद केला. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीवर बारीक ठिणग्या सरपटताना दिसल्या. टोपीला केसाएवढी काळी रेघ पडली होती, आणि दमट हवेत वीज प्लगकडे जायचं सोडून त्या रेघेवरून पळत होती. जवळची दुसरी टोपी बसवली. दहा मिनिटांचं काम.

सोमवार. कुंभार्ली, चिपळूण

कुंभार्ली घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला होता. पोफळीच्या सपाटीला पाय दिला आणि आरशात निळा धूर दिसला. क्षणभर होता, मग विरला.

चिपळूणला एका गॅरेजवाल्याने धूर ऐकताच निकाल दिला: "रिंग-पिस्टन करून टाका." हा खर्च हजारोंत जातो, आणि हे वाक्य ऐकून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. मला त्याचा राग येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथपर्यंत त्याचं खरं. पण ते कुठून येतंय, हे धुराचा रंग सांगत नाही. धुराची वेळ सांगते. रिंगा झिजल्या असतील तर धूर चढाला, जोर लागताना येतो आणि टिकतो. उतारावर थ्रॉटल मिटलेला असताना इनटेकमध्ये पोकळी वाढते, ती व्हॉल्व्हच्या दांड्यावरून गाइडमधून ऑइल खेचून घेते, आणि पाय दिल्याबरोबर ते एकदम जळतं. आम्ही खंबाटकी चढलो तेव्हा मागे धूर नव्हता.

तरी नानांनी त्या माणसाकडूनच कॉम्प्रेशन गेज मागून घेतला. "तुमचं म्हणणं तपासून बघू की," एवढंच म्हणाले. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, वाफेचे फुत्कार नाहीत. रिंगा धड आहेत. व्हॉल्व्ह गाइड आणि सील पाहायचे, त्यासाठी फक्त हेड उतरवावं लागतं. तोवर ऑइलची पातळी रोज सकाळी बघणार.

मंगळवार. रत्नागिरी

भाचीच्या नव्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. "मामा, स्कॅनर पहिल्या सिलिंडरची कॉइल गेली म्हणतो." स्कॅनर तसं म्हणत नव्हता. पी0301 या कोडचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये जळण चुकतंय, इतकाच. ते कॉइलमुळे असेल, प्लगमुळे, इंजेक्टरमुळे किंवा कॉम्प्रेशनमुळे. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाजून निघतो. पहिल्या-दुसऱ्याच्या कॉइलींची अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी चालवली. आता पी0302 आला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष तिच्यातच. मारुती मंदिराजवळच्या दुकानात नवी मिळाली.

उद्या परतताना अणुस्कुरा घाट चढायचा आहे. व्हेपर लॉक टाळायला पहाटे निघू. तापमानाच्या काट्यावर नानांची नजर असेल: उभ्या गाडीत चढला तर पंख्याचा पट्टा ढिला, वेगात किंवा लांब चढाला चढला तर रेडिएटर चोंदलेला. पट्टा आजच बोटाने दाबून पाहिला, ताण ठीक आहे.