टाक्यांतले पशुपक्षी

खाका. बटरपेपरवर मोर काढायचा, रेषेवरून सुईने बारीक भोके पाडायची, कागद कापडावर ठेवून राकेलात कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची. एकच खाका ओळीतल्या घराघरांत फिरे. मोर तोच, रंग ज्याचे त्याचे.

लाकडी रिंग. आणि अँकरची लडी: सहा पदरांची, बारीक कामाला दोनच पदर सोडवून घ्यायचे.

मॅटीवरची हंसांची जोडी, खाली 'सुस्वागतम्', वर काच. फुलीच्या टाक्यात घरे मोजावी लागत. मानेपाशी एक घर चुकले की उसवणे आले.

बाळाच्या टोपऱ्यावरचे बदक. उशीच्या अभ्र्यावरचे पोपट. रेडिओचे, मग टीव्हीचे आच्छादन.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची झूल, घरच्या उरलेल्या मखमलीची. आता ती बाजारातून तयारच येते.

या वस्तू गेल्या, त्याहून मला हळहळ वाटते ती एका जाणकारीची. कोणत्या जनावराला कोणता टाका, हे त्या बायकांना ठाऊक असे. मोराच्या मानेला भरीव टाका, निळ्यातून हिरवा काढत, पिसाऱ्याला साखळी. सशाच्या अंगावर गाठीचे टाके दाटीने, म्हणजे हात फिरवला की लव लागावी. माशाच्या खवल्यांना काजाचा टाका, एका ओळीवर दुसरी चढवून. हरणाच्या पायांना देठाचा टाका, कारण साखळीने पाय जाड होतात. हे सगळे एकमेकींच्या शेजारी बसून शिकलेले.

धारवाडकडचा कशिदा त्याहून अवघड. इरकलीच्या पदरावर अंबारीचा हत्ती, तोही खाक्याशिवाय, कापडाचे धागे मोजून. गवंती टाक्यात उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते; गाठ मारायची नाही.

नागपुरातल्या गांधीबागच्या ठोक कापडबाजारात मोर आजही भरपूर आहेत. साड्यांवर, ड्रेसच्या कापडावर. बरेचसे सुरतेचे, संगणकी मशीनवर भरलेले. त्या कारखान्यांवर अनेकांची पोटे आहेत, तेव्हा मशीनवर माझा राग नाही. पण चोचीपासून शेपटापर्यंत तोच सपाट टाका, आणि मागे चिकटलेले कागदी अस्तर. अशा मोराला मी भरतकाम म्हणणार नाही.

तुमच्या ट्रंकेत एखादा जुना अभ्रा असेल तर रंग सुटतो का ते आधी कोपऱ्यावर पाहा. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री उलट बाजूने करा. मग भरणारीचे नाव, गाव आणि साल विचारून घ्या, चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच घडीत ठेवा. कुठल्या जनावराला कुठला टाका घातला, तेही विचारा. सांगू शकणाऱ्या बायका अजून घरोघरी आहेत.