महेश्वरच्या किल्ल्यातील एक रात्र



पंचेचाळीस वर्षे कीर्तनासाठी गावोगाव हिंडलो. निजायला कधी मारुतीचे देऊळ, कधी शाळेची खोली, वारीत तर उघडे रान. गेली कार्तिकी झाल्यावर मात्र इंदूरला नोकरीस असलेल्या नातवाने हट्टाने महेश्वरला नेले आणि नर्मदामाईच्या काठच्या अहिल्या किल्ल्यात एक रात्र ठेवले. होळकरांचे वंशज रिचर्ड होळकर यांनी २००० साली तिथला काही भाग पाहुण्यांसाठी उघडला. आज ते नावाजलेले हॉटेल आहे. भाडे किती, हे नातू सांगेना. शेवटी कळले, तेव्हा वाटले, एवढ्यात आमच्या ढोकीत सप्ताहाची एक पंगत उठली असती.

खोलीच्या खिडकीखाली घाटाच्या पायऱ्या, पलीकडे संथ नदी. जेवण वाढणारा पोरगा फार अदबीचा. पण गादी इतकी मऊ की पाठीला ती सोसेना. सतरंजी जमिनीवर टाकली आणि पडल्या पडल्या कुरकुर सुरू झाली. अहिल्यामातेचे चरित्र मी शेकडो वेळा सांगितले आहे. पती कुंभेरीच्या वेढ्यात गेला, पुढे सासरा गेला, मुलगा गेला. तरी १७९५ पर्यंत तिने इथूनच राज्य चालवले. खासगीच्या धनावर तुळशीपत्र ठेवले. १७८० साली काशीचे देऊळ पुन्हा उभे केले. पंढरीतला होळकर वाडा तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या माउलीच्या किल्ल्यात पैसे मोजून झोपायचे?

वाडा राखायला पैसा लागतो, हेही खरे. आपल्याकडच्या किती गढ्या पावसाने बसल्या! पण ही समजूत मी स्वतःला घालत होतो तोच अनंतफंदी आठवले. संगमनेरचे हे शाहीर. सांगतात की, अहिल्याबाईंनी त्यांना खडसावले, एवढी वाणी मिळाली ती कशावर घालवता? फंदींनी तमाशाचा डफ खाली ठेवला आणि ते कीर्तनाला उभे राहिले. ही कथा रंगवून सांगितली की मंडप डोलायचा, आणि त्याच मंडपात माझे पाकीट आधी ठरलेले असायचे.

जिथे कीर्तन करावे तिथले अन्न नि द्रव्य घेऊ नये, अशी तुकोबारायांची आज्ञा. सुरुवातीची वर्षे पाळली. मग नाव झाले, तारखा मिळेनाशा झाल्या आणि मी आकडा सांगू लागलो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आमच्या ढोकीवरूनच जायची. त्याच उन्हाळ्यात जवळच्या एका गावचे विणेकरी काल्याच्या कीर्तनाची तारीख मागायला आले. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "महाराज, औंदा पाणीच विकत घेतोय." मी म्हणालो, "मग पुढच्या साली बघू." ते पाया पडून गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या रात्री खोलीचे भाडे डोक्यातून गेले, माझेच तेवढे राहिले.

सकाळी वाड्यात लिंगार्चन पाहिले. अहिल्यामातेच्या काळापासूनची ही रीत. गुरुजी काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगे हाताने करून पाटांवर मांडतात, पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. बघायला कुणीही यावे, पैसा पडत नाही. त्यांच्या हाताला लागलेला चिखल बघून मला आमच्या शेजारच्या तेरचे गोरोबाकाका आठवले, आणि बराच वेळ तिथून हलता येईना.

घरी आल्यावर त्या विणेकऱ्यांना फोन लावला. म्हणालो, "आवाज बसला, आता कीर्तन होत नाही. पण यंदा काल्याला तुमच्यात टाळ धरून उभा राहू का?"

थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "या की महाराज. गाडी पाठवू?"

"नको," म्हणालो, "एस.टी.ने येतो."